उडत्या बांगड्याचा श्वास

मालवणच्या किनाऱ्यावरची इंजिने खाऱ्या पाण्याला एवढी घाबरत नाहीत, जेवढी विठोबाच्या शिव्यांना घाबरतात. चाळीस वर्षे त्याने मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने खोलली आणि जोडली. एक इंजिन तर विठोबा येतोय एवढे ऐकूनच चालू झाले, आणि ते बंद करायला मालकाला पुन्हा विठोबालाच बोलवावे लागले. अलीकडे तर बाजारात सुरमई घेतानाही तो आधी तिचे कल्ले उघडून बघायचा. कोळीण विचारायची, "ताजी आसा काय बघतास?" तर म्हणायचा, "नाय गो, हवा खंयसून घेता ता बघतंय."

अशा माणसाने साठी उलटल्यावर दुपारी जेवून आडवे व्हावे की नाही? पण त्याची मुलगी योगिनी पडली विमान चालवणारी. लांबच्या एका गावी ती शिकाऊ लोकांना विमान शिकवायची. सुट्टीत घरी आली की जेवताना ताटावर हात तिरका धरून सांगायची, विमान असे चढते, असे वळते. तिचा हात तीन-चार वेळा सोलकढीवरून फिरलेला बघून विठोबा म्हणाला, "पाण्यात पंखो फिरलो काय होडी चलता. वाऱ्यात फिरलो काय इमान चलता. मगे आमी काय पाप केलां?"

झाले. त्याने विमान बांधायचे नकाशे मागवले आणि होड्या ठेवायच्या मांगरात पाच वर्षे ठोकाठोक केली. परवानगीसाठी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, इतक्या खेपा घातल्या, की एसटीत त्याच्या जागेवर दुसरे कोणी बसले तर कंडक्टरच उठवायचा. पुढे दिल्लीहून कागद आले, तपासणीचे साहेब आले, त्यांनी पुन्हा कागद मागितले. सगळे कागद विमानात भरले असते तर ते जन्मात जमीन सोडून उठले नसते. पण अखेर शिक्का बसला. एकाच माणसाने बसायचे विमान, रंग रुपेरी, पाठीवर हिरवे-निळे पट्टे. गावाने त्याचे नाव ठेवले 'बांगडो'.

अंग नकाशाबरहुकूम होते, पण टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल जायची वाट मात्र विठोबाने स्वतःच्या डोक्याने आखली होती, आणि त्याची सगळी धास्ती त्या वाटेतच साठलेली होती. होडीचे इंजिन बंद पडले तर माणूस वल्हे मारतो, नांगर टाकतो, निवांत बिडी ओढत दुसऱ्या होडीची वाट बघतो. वर नांगर टाकायचा कशात?

म्हणून त्याने ठरवले की भानगड जेवढी कमी तेवढी बरी. पंप नको, पंप आला की तो बिघडणार. टाकी ठेवली उंचावर, इंजिनाच्या मागे आणि चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, म्हणजे पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरेल. वाटेत सगळ्यांत खाली काचेची वाटी बसवली, कारण पाणी कुठूनही शिरते हे त्याला चाळीस वर्षांत पाठ झाले होते; पाणी जड, ते वाटीत बसेल आणि रोज सकाळी खालची तोटी उघडून काढून टाकता येईल. पेट्रोलची नळी धुराच्या तापल्या नळीपासून हातभर लांब नेली, नाहीतर आतल्या आत उकळून वाफ व्हायची.

मग नाक वर करून चढताना पेट्रोल पुरेसे येते का, हे जमिनीवरच बघायचे होते. त्यासाठी त्याने बांगड्याचे तोंड होडी ओढायच्या लाकडांवर चढवले. पुढून दहा माणसे ओढतायत, मागे शेपटी खड्ड्यात, आणि दोरी हातात धरून आरोळी देतोय त्याचा जुना दोस्त मंगेश तांडेल. विठोबा खाली बसून दुधाच्या मापात पेट्रोल मोजत होता आणि मनगटावरचे घड्याळ बघत होता. इंजिन पूर्ण जोर लावून जेवढे पिते, त्याच्या दीडपट पेट्रोल नळीतून येत होते. विठोबाने हात वर केला, आणि दहाही जणांनी आनंदाच्या भरात दोरी सोडली. बांगड्याला काही झाले नाही. विठोबाची चप्पल मात्र अजून त्या लाकडाखाली आहे.

या मंगेशबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माणूस लाखात एक, पण साध्या प्रश्नाचे साधे उत्तर त्याला कधी देता आले नाही. किती वाजले विचारा, तो आजोबांच्या होडीपासून सुरुवात करणार. घड्याळापर्यंत येईतो दिवस मावळतो.

गेल्या मे महिन्यात मांगरात इंजिन जमिनीवरच चालवून बघताना मंगेश हजर होता. इंजिन छान चालले आणि नऊ मिनिटांनी खोकून गप्प झाले. टाकीत पेट्रोल भरपूर. विठोबाने शिव्या दिल्या, पण इंजिन नवीन होते, त्याला अजून विठोबा कोण ते माहीत नव्हते. मग टाकीतून 'टण्' असा आवाज आला. बघतो तर टाकीचे पोट उपाशी माणसासारखे आत गेलेले!

टाकीतले पेट्रोल खाली जायचे तर त्याच्या जागी वरून हवा आत यायला हवी. त्या हवेसाठी विठोबाने टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी काढून विमानाच्या पोटाखाली आणली होती आणि तिचे तोंड पुढे वाऱ्याकडे वळवले होते. त्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, लिंपून, गुळगुळीत करून, अगदी भाड्याने द्यावे असे. टाकीचा श्वासच कोंडला होता. विठोबाने घर खरवडून काढले, टाकी पुन्हा ठोकून सरळ केली आणि मांगराच्या भिंतीवर खडूने हातभर अक्षरात लिहिले: श्वासाची नळी उघडी.

मंगेश ते वाचत बराच वेळ उभा होता. "विठोबा," तो म्हणाला, "माझ्या आजान एकदा—"

"फुडच्या येळेक सांग," विठोबा म्हणाला.

जानेवारीतला एक दिवस ठरला. गावामागच्या सड्यावर, सपाट कातळावर तांबडी माती टाकून आणि रोलर फिरवून धावपट्टी केली होती. पहाटेपासून वारा पडलेला, आभाळ घासलेल्या कल्हईच्या टोपासारखे लख्ख. सगळा गाव सड्यावर चढला होता. यमुनाबाई, म्हणजे विठोबाची बायको, डोक्यावर नारळांची पाटी घेऊन आली, आणि ती उतरवायच्या आधीच तिने नवऱ्याला बाजूला घेतले.

"अवो, आयकलांत? माझा चेडू जसा वर जाता, तसाच खाली येवक व्हया. काय इपरीत झाला, तर घरात पाय ठेवचो नाय. त्या मांगरातच ऱ्हवा, तुमच्या टाकीवांगडा."

"काय होवचा नाय गो," विठोबा म्हणाला.

रेडिओच्या परवान्याचा कागद अजून यायचा होता, म्हणून खुणा ठरल्या होत्या. योगिनीने वीस मिनिटे सड्याभोवती आणि किनाऱ्यापर्यंत फेऱ्या मारायच्या. खालून काही सांगायचे झाले तर धावपट्टीवर तांबडे लुगडे पसरायचे. म्हणजे ताबडतोब उतर. ही खूण मंगेशनेच सुचवलेली. दर्यात अडचणीत सापडलेली होडी तांबडे कापडच तर दाखवते, आणि ते कोसावरून दिसते.

योगिनीने विमानाभोवती फेरी मारली. बिजागऱ्या हलवून बघितल्या, काचेच्या वाटीतून बाटलीभर पेट्रोल काढून उजेडात धरले, त्यात पाणी नाही बघून मान डोलावली. शेवटी खाली वाकून श्वासाच्या नळीच्या तोंडात करंगळीचे टोक घातले.

"उघडी आसा, बाबा."

"आसतलीच," विठोबा म्हणाला आणि आपणही वाकून बघितले. उघडी होती.

मग गाऱ्हाणे. त्याच्याशिवाय या गावात नवीन सायकलसुद्धा फाटकाबाहेर पडत नाही. मानकऱ्यांनी नारळ हातात धरला, सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज आमचो विठोबा पाण्यातली इद्या वाऱ्यार घेऊन चल्लो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या चेडवाक सुखरूप वर ने, आणि वर नेलंस तसा खाली हाडूक इसरा नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यातला यमुनाबाईचा आवाज सावंतवाडीपर्यंत गेला असावा.

"कोणाच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पदरात घी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. योगिनी आत बसली. इंजिन पहिल्या झटक्यात लागले, बांगडा तांबड्या मातीतून धूळ उडवत पळाला, एकदा उडी मारली, आणि दुसऱ्यांदा खाली आलाच नाही. गावाने अशी आरोळी ठोकली की काजूंना आलेला मोहोर निम्मा गळला म्हणतात. विठोबाने घड्याळ बघितले. नऊ वाजून दहा मिनिटे. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते त्याने धुळीच्या नावावर पुसले.

मंगेश त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. खुशीत होता.

"विठोबा, ती तुझी नळी उघडीच ऱ्हवली होती रे. भिया नको. मी तोंडात काथ्याचो बोळो मारलंय."

विठोबाला आधी कळलेच नाही. मग कळले, आणि सडा त्याच्या पायाखालून होडीसारखा हलला.

"कधी?"

"गाऱ्हाण्यात. ती माशी परत घिरट्यो घाली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, म्हटलां तेवढ्यात उरकूया."

"मेल्या! चेडवाचो जीव घेतलंस माझ्या! नव मिनटात इंजिन बंद पडतलां! नव! वर जोर लावल्यार सातच!"

"अरे पण आयक तरी. माझो आजो—"

"तुझो आजो गेलो खड्ड्यात!"

"खड्ड्यात नाय रे, दर्यात गेलो—"

पण विठोबा कुठला थांबतोय! तो पळत सुटला. साठी उलटलेला माणूस, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, पण सड्यावरचा ससासुद्धा बाजूला होऊन वाट देईल असा पळाला. "लुगडां! लुगडां पसरा!" दोघा-चौघांनी तांबडे लुगडे धावपट्टीवर उलगडले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. नऊ वाजून तेरा. बांगडा वळून सड्याकडे येत होता. विठोबा लुगड्याच्या बाजूला उभा राहून हात हलवू लागला. तो हलवतोय म्हणून गाव हलवू लागला. बांगडा डोक्यावरून गेला, त्याने आपले दोन्ही पंख आळीपाळीने खाली-वर केले, आणि मजेत समुद्राकडे निघून गेला.

"दिसला नाय तिका?" विठोबा ओरडला.

यमुनाबाई कमरेवर हात ठेवून लुगड्याकडे बघत होती. "कसा दिसतला? माती तांबडी, लुगडां तांबडां. मी हयसून बघतंय तरी पदर खंय आणि रस्तो खंय कळना नाय माका."

खरे होते. निळ्या दर्यावर जी खूण कोसावरून दिसते, ती तांबड्या मातीत अशी विरून गेली होती, की मघाशी एक म्हातारा त्या लुगड्यावरून चालत गेला आणि त्यालाही पत्ता लागला नव्हता.

"धोतरां सोडा!" विठोबा म्हणाला. "पांढरी धोतरां!"

पण आजकाल धोतर नेसतो कोण? सगळा गाव पँटीत. पांढरे धोतर एकट्या मानकऱ्यांचे, आणि मानकरी ते सोडायला तयार नव्हते. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात दोन मिनिटे गेली. नऊ सोळा.

"विठोबा," मंगेश धापा टाकत मागून आला, "माझ्या आजाची होडी होती—"

"गप ऱ्हव! एक शब्द काढू नको!"

नऊ सतरा. सात मिनिटे झाली. बांगडा समुद्राच्या काठावर ठिपक्याएवढा दिसत होता आणि त्याची घरघर अजून ऐकू येत होती. नऊ अठरा. विठोबाच्या डोळ्यांपुढे टाकीचे ते पोट आत गेलेले दिसू लागले. भिंतीवर हातभर अक्षरात लिहिले, त्यापेक्षा मंगेशच्या कपाळावर लिहायला हवे होते. नऊ एकोणीस. मेमध्ये इंजिन याच मिनिटाला खोकले होते.

आणि आवाज थांबला.

सड्यावर कोणी हलेना. टिटवीसुद्धा ओरडायची थांबली. विठोबा मटकन खाली बसला, लुगड्यावर बसला की मातीत ते त्याला कळले नाही. यमुनाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती आभाळाकडे बघत होती, आणि तिच्या हातातल्या नारळाच्या शेंडीचे एकेक केस उपटत होती.

"यमुना," विठोबा म्हणाला, "माका मांगरातसुद्धा घेव नको."

खाली न बघताच तिने आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

किती वेळ गेला? घड्याळ म्हणते तीन मिनिटे. विठोबाला विचाराल तर त्या वेळात त्याचे उरलेले काळे केस होते नव्हते तेवढे पांढरे झाले. मग डोंगराच्या अंगाने, भलत्याच बाजूने, एक बारीक गुणगुण आली. माशी असावी तशी. मग मोठी झाली. मग नारळीच्या शेंड्यांमागून बांगडा वर आला, उन्हात चमकत, पोटातून घरघर करत. डोंगराच्या नाकामागे गेला होता म्हणून आवाज अडला होता, एवढेच.

नऊ बावीस. नऊ पंचवीस. बांगडा आणखी एक फेरी मारून आला. इंजिन एकदाही अडखळले नाही. विठोबा उठून उभा राहिला आणि घड्याळ कानाला लावून बघितले, चालू आहे की नाही.

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी योगिनीने विमान तांबड्या मातीवर असे अलगद टेकवले, जशी पाटावर कोणी भरली घागर ठेवावी. लुगडे चाकाखाली येऊन फाटले, तेव्हा कुठे ते सगळ्यांना नीट दिसले.

पंखा थांबला. योगिनी हसत बाहेर आली. "बाबा, कसला गोड चलता हो इंजिन! एकदा ठसकला नाय!"

विठोबाने तिला धरले आणि सोडलेच नाही. गाव टाळ्या वाजवत होता, नाचत होता. विठोबा तिच्या खांद्यावर डोके टेकून नुसता श्वास घेत होता, जणू मघापासून त्याच्याच तोंडात बोळा होता. यमुनाबाईने मुलीच्या तोंडावरून दोनदा हात फिरवला, मग नवऱ्याला म्हणाली, "चला, आज दुपारी घरातच जेवा."

"काय झाला काय?" योगिनीने विचारले. "मी वरसून बघी होतंय, सगळे हात हलवी होते. म्हणान मी पण पंख हलवलंय."

विठोबा विमानाच्या पोटाखाली वाकला. नळीच्या तोंडात काथ्याचा बोळा बसला होता, आणि जागचा हलला नव्हता. योगिनीनेही वाकून बघितले, आणि तिचे हसू गेले.

"ह्यां कोणी?"

"मी गो," मंगेश म्हणाला. तो इतका वेळ हात बांधून, गाल फुगवून उभा होता. "पण माका कोण बोलूक देयत तर ना!"

"बोल," विठोबा म्हणाला. "बोल बाबा. आज्यापासून बोल."

"तर माझो आजो," मंगेशने खाली बसून मांडी घातली, "शिडाची होडी चलवी. बापसान पयला इंजिन हाडल्यान. पयल्याच लाटेक डिझेलाच्या टाकयेत खारा पाणी गेला. बापूस म्हणता, नळी बंद करून टाकूया. आजो म्हणता, मेल्या, बंद केलंस तर टाकी श्वास खंयसून घेतली? आणि तेना काथ्यो घेतल्यान, हातार वळल्यान, ढिलो बोळो केल्यान. कोरडो काथ्यो श्वास सोडता. लाट इली काय भिजता, फुगता, तोंड मिटता. वाऱ्यान सुकलो काय परत श्वास. पन्नास वर्सां आमच्या सगळ्या होड्यांच्या टाकयेत तोच बोळो आसा. माशी भायर, हवा आत." त्याने बोळा उपटून विठोबाच्या हातात दिला. "फुंक."

विठोबाने मूठ वळून बोळा तोंडाशी धरला आणि फुंकला. पलीकडून हवा तळहातावर आली, जराही न अडता.

चाळीस वर्षे तो असले बोळे होड्यांच्या नळ्यांतून उपटून 'कचरो' म्हणून समुद्रात फेकत आला होता, आणि दुरुस्ती करून तो गेला की मच्छीमार गुपचूप नवीन घालत होते. कोणी सांगितले नव्हते, कारण इंजिनापुढे असताना विठोबा कोणाला बोलू देत नसे.

"मंगेशकाका," योगिनी म्हणाली, आणि तिचा आवाज शिकाऊ लोकांना दम देताना निघतो तसा निघाला, "तुमचो आजो माझ्यापेक्षा हुशार. पण माझो तपासणीचो हात फिरल्यार इमानाक कोणी बोट लावचा नाय. देवान लावल्यान तरी माका सांगान लावचा. कळला?"

"व्हय म्हाराजा," मंगेश म्हणाला, आणि सगळा सडा हसला.

ठरले असे, की काथ्या होडीत ठीक, पण नळीला पितळेची बारीक जाळी बसवायची. त्यातून माशी जाणार नाही आणि हवा जाईल. शिवाय टाकीला दुसरी श्वासाची नळी काढायची, मागे शेपटीकडे, म्हणजे एक बुजली तर दुसरी आहे. आणि खुणेसाठी यमुनाबाईचे पांढरे पातळ. ते ऐकून मानकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

नारळ वाटला गेला. बांगड्याच्या पंखाच्या सावलीत विठोबा एका पायातल्या चपलेसह बसला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात होता, पण हसू येत असल्यामुळे चावता येत नव्हता. तेवढ्यात कुंभारमाशी आली. नळीच्या तोंडाशी दोनदा फिरली, योगिनीने तिथे धरलेले बोट बघून माघारी वळली, आणि मंगेशच्या उजव्या कानात जागा चांगली आहे का ते पाहू लागली. मंगेशला पत्ता नव्हता. तो पुढे सांगत होता, की माझ्या आज्याचो बापूस, तेची होडी तर याच्याही आधीची.

विठोबाने हलक्या हाताने माशी उडवली आणि म्हणाला, "मगे?"